कृष्णराजाचे रूपक

नाणे चांदीचे आहे, लहान आहे आणि त्यावर सन नाही. व्यास जेमतेम दीड सेंटीमीटर, वजन दोन ग्रॅमपेक्षा थोडेसे अधिक. एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पाय दुमडून बसलेला नंदी आणि त्याच्याभोवती कडेने फिरणारी अक्षरांची ओळ. ठसा चकतीवर नेमका बसलेला नसल्याने ओळीतली काही अक्षरे बाहेर जातात. अनेक नाणी शेजारी ठेवावी तेव्हा ती ओळ जुळते: ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’. शिवाचा परमभक्त, आईवडिलांच्या चरणांचे ध्यान करणारा श्रीकृष्णराज. राज्याचे नाव नाही, राजधानीचे नाही, कुळाचे नाही.

अशी नाणी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात देवळाणे येथे मिळाली, अमरावतीकडे धामोरीला मोठा साठा मिळाला, बैतूलजवळ पट्टण येथे मिळाली. मुंबई-साष्टीत, सातारा-कऱ्हाडकडे, माळव्यात आणि थेट राजस्थानातही सापडली. एवढ्या मोठ्या मुलखात खेळलेले हे चलन पाडणारा कृष्णराज कोण, हा प्रश्न अभ्यासकांपुढे एकोणिसाव्या शतकापासून होता. त्याची जी पहिली उत्तरे दिली गेली ती लातूरकडे बोट दाखवणारी होती. म्हणून हा शोध आपणही लातूरपासूनच सुरू करू.

धारवाड भागातल्या सिरूर आणि नीलगुंद येथील शिलालेख शके ७८८चे, म्हणजे इसवी सन ८६६चे आहेत. त्यांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगराचा स्वामी म्हटले आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड. तेव्हा लट्टलूर हे राजधानीचे नाव नाही, घराण्याच्या मूळ गावाचे आहे. मोठ्या झालेल्या कुळाने आपले मूळ गाव बिरुदात जपले. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही तेच बिरुद लावले. हे लट्टलूर कोणते, याबद्दल फ्लीट यांनी आधी छत्तीसगडमधल्या रतनपूरचे नाव सुचवले होते. नंतर त्यांनीच ते मागे टाकून लातूरच्या बाजूने मत दिले. अ. स. आळतेकरांनी १९३४च्या आपल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात लातूरच धरले आणि आज ते सर्वसाधारणपणे मान्य आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या खुणा त्याहून ठसठशीत आहेत. जगत्तुंग समुद्र हे तिथल्या तलावाचे नाव आणि तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख अजून बोलतो. रित्ती आणि शेळके यांनी १९६८ साली नांदेड जिल्ह्यातले शिलालेख एकत्र छापले, तेव्हापासून तो मराठवाड्यातल्या कोणाही वाचकाच्या हाताशी आहे.

या घराण्यात कृष्ण नावाचे तीन सम्राट झाले. पहिला साधारण ७५६च्या सुमारास गादीवर आला; दुसऱ्याची कारकीर्द नवव्या शतकाच्या अखेरीपासून दहाव्याच्या आरंभापर्यंत; तिसरा ९३९ ते ९६७. पहिला कृष्ण म्हणजे वेरूळच्या कैलासाचा कर्ता. त्याचा तळेगावचा ताम्रपट शके ६९०चा आणि भांदकचा शके ६९४चा, म्हणजे इसवी सन ७६८ आणि ७७२चा आहे. त्याच्या काळाबद्दल वाद घालायला फारशी जागा नाही.

आता या घराण्याची एक अडचण पाहा. नर्मदेपासून दक्षिणेत खोलवर सत्ता चालवणाऱ्या राष्ट्रकूटांची निर्विवाद म्हणता येतील अशी नाणी जवळपास नाहीत. लेखांत द्रम्म येतात, सुवर्ण येतात, गद्याणक येतात. हातात मात्र काही येत नाही. एवढे मोठे साम्राज्य आणि नाणे नाही, ही रिकामी जागा इतिहासकाराला सतत खुणावते. अशा वेळी ‘श्रीकृष्णराज’ लिहिलेले चांदीचे नाणे शेकड्यांनी समोर आले, तर ते त्या जागेत बसवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तसे झालेही. काही विद्वानांनी हे नाणे कैलासकर्त्या पहिल्या कृष्णाला दिले. शिवभक्त राजा, नंदीचे चिन्ह, कृष्ण हे नाव. तिन्ही गोष्टी जुळत होत्या.

त्या जुळण्याला किती वजन द्यायचे? नंदी आणि ‘परममाहेश्वर’ यांतून राजा शैव होता एवढेच ठरते. पहिला कृष्ण शिवमंदिर बांधणारा होता, हे कर्कराजाच्या ८१२-१३च्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, देवालयाच्या वर्णनात आलेले आहे. म्हणजे नंदी त्याच्या विरुद्ध जात नाही. राष्ट्रकूटांच्या मुद्रांवर बहुधा गरुड असतो, असा आक्षेप घेता येईल. पण मुद्रेवरचे चिन्ह नाण्यावरही यायलाच हवे असा नियम नाही. हा आक्षेप मी अर्धाच मोजतो. त्याहून वजनदार वाटते ती एक अनुपस्थिती. राष्ट्रकूट राजांना ‘तुंग’ आणि ‘वर्ष’ यांनी संपणारी बिरुदे अतिशय प्रिय होती. पहिला कृष्ण शुभतुंग होता, अकालवर्ष होता. ताम्रपटांत ही बिरुदे पानभर मिरवणाऱ्या घराण्याने नाण्यावर त्यांतले एकही घालू नये, हे खटकते. तरी अनुपस्थितीवरून निकाल देता येत नाही. नाण्याला जागा कमी असते.

मग एका परदेशी साक्षीदाराला विचारू. हिजरी २३७, म्हणजे इसवी सन ८५१च्या सुमारास संकलित झालेल्या आणि सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरबी वृत्तान्तात ‘बल्हरा’ या थोर राजाचे वर्णन आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, अर्थात राष्ट्रकूट. त्याच्या राज्यात ‘तातरिया’ दिरहम चालतात, एकेकाचे वजन दीड दिरहम असते आणि त्यांवरचे साल राज्यारोहणापासून मोजलेले असते, असे तो सांगतो. व्यापाऱ्याने नाण्याबद्दल दिलेली साक्ष मी गंभीरपणे घेतो. नाणे पारखणे हा त्याचा रोजचा व्यवहार. शुद्ध दिरहमचे वजन तीन ग्रॅमच्या किंचित आत. त्याच्या दीडपट म्हणजे साडेचार ग्रॅमच्या जवळपास. आपले नाणे त्याच्या निम्मेच भरते आणि त्यावर साल नाही. सुलेमानच्या तातरिया दिरहमची ओळख अजून वादात आहे, पण ते नाणे आणि हे नाणे एक नव्हेत एवढे वजनकाट्यावरच ठरते. अर्थात सुलेमान पहिल्या कृष्णानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी लिहितो. मधल्या काळात चलन बदलले असेल, असे कोणी म्हटले तर त्याला नाकारता येणार नाही. ही साक्ष संशय वाढवते, त्यापुढे जात नाही.

आता नाण्याच्या घडणीकडे वळू. ही घडण आठव्या शतकात अचानक उगवलेली नाही. एका बाजूला उजवीकडे पाहणारा मुखवटा, दुसऱ्या बाजूला चिन्ह आणि भोवती लेख, हा साचा पश्चिम क्षत्रपांचा. पहिल्या-दुसऱ्या शतकापासून जवळपास तीन शतके त्यांनी चांदीची हीच छोटी नाणी पाडली. चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या आरंभी दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य घेतले. गुप्तांनी साचा तसाच ठेवला. क्षत्रपांच्या चैत्यचिन्हाच्या जागी गरुड आला. स्कंदगुप्ताच्या काळी पश्चिमेकडच्या चांदीच्या नाण्यांवर बसलेला नंदीही दिसू लागतो. दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणात त्रैकूटकांनी क्षत्रपांचा चैत्य पुढे चालवला. दह्रसेनाचा पारडीचा ताम्रपट वर्ष २०७चा, व्याघ्रसेनाचा सुरतेचा वर्ष २४१चा; म्हणजे साधारण इसवी सन ४५६ आणि ४९०. दह्रसेनाच्या नाण्यावर ‘महाराजेन्द्रदत्तपुत्र परमवैष्णव श्रीमहाराज दह्रसेन’ असे आहे. बापाचे नाव, मग देवाचे, मग स्वतःचे. कृष्णराजाचे नाणे या ओळीतले पुढचे दिसते: मुखवटा तोच, आकार तोच, वजनाचे मान जवळचे, ‘परमवैष्णव’च्या जागी ‘परममाहेश्वर’. अक्षरांचे वळणही पाचव्या-सहाव्या शतकाकडे झुकते. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रकूटांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा साचा आणि अक्षरांचे जुने वळण मुद्दाम उकरून काढले, असे मानल्याशिवाय हे नाणे पहिल्या कृष्णाला देता येत नाही.

दह्रसेनाच्या नाण्यावर बापाचे नाव आहे ही गोष्ट लक्षात ठेवावी. कारण आपल्या नाण्यावरचा लेख सुरुवातीला नीट वाचला गेला नव्हता. ‘मातापितृ’ या अक्षरांच्या जागी ‘महादित्य’ असे वाचन बराच काळ चालले. ‘पादानुध्यात’च्या आधी लेखांत बहुधा पूर्वीच्या राजाचे किंवा वडिलांचे नाव येते, त्यामुळे कृष्णराजाला महादित्य नावाचा पूर्वसूरी मिळाला. त्या नावाचा राजा कुठल्याही वंशावळीत सापडत नाही, म्हणून कृष्णराज आणखीच अनोळखी ठरला. चांगल्या प्रतीची नाणी पाहून वाचन दुरुस्त झाले आणि महादित्य नाहीसा झाला. नाण्याने वडिलांचे नाव कधी सांगितलेच नव्हते. त्याने फक्त मातापित्यांना वंदन केले होते.

नाणे जुने आहे हे पटलेल्या काही अभ्यासकांनी वेगळी वाट काढली. कृष्णराज राष्ट्रकूटच, पण कैलासाचा नव्हे. त्याच्या कितीतरी आधीचा एखादा ‘आद्य’ राष्ट्रकूट. मोहरा लातूरच्याच घराण्याकडे, फक्त काळ मागे. अशा आद्य कृष्णाला आधार काय? दक्षिण महाराष्ट्रातल्या कौठें येथे मिळालेला, कल्याणीच्या चालुक्यांपैकी पाचव्या विक्रमादित्याचा ताम्रपट. त्यात सांगितले आहे की बदामीच्या चालुक्यांचा मूळपुरुष जयसिंह याने आठशे हत्ती बाळगणाऱ्या राष्ट्रकूट इंद्राला, कृष्णाच्या पुत्राला, जिंकले. वाचताना इथे क्षणभर थांबावेसे वाटते. इंद्राचा बाप कृष्ण, सहाव्या शतकाच्या आधी, राष्ट्रकूट! नेमका हवा तो माणूस.

पण ताम्रपटाची तारीख पाहा: शके ९३०, इसवी सन १००९च्या आगेमागे. जयसिंहानंतर पाचशे वर्षांनी. बदामीच्या चालुक्यांच्या स्वतःच्या लेखांत या विजयाचा मागमूस नाही. दुसऱ्या पुलकेशीच्या ६३४च्या ऐहोळे प्रशस्तीत जयसिंहाचे गुणगान आहे, पण राष्ट्रकूट इंद्र तिथे नाही. आणि १००९च्या आधी थोड्याच वर्षांपूर्वी काय घडले होते? ९७३ साली तैलपाने मान्यखेटच्या राष्ट्रकूटांना उलथून चालुक्यांची सत्ता पुन्हा उभी केली होती. आपल्या आद्यपुरुषानेही राष्ट्रकूटांनाच हरवले होते, अशी कथा त्या दरबाराला किती सोयीची होती! कदाचित ती जुन्या आठवणीवर उभी असेल; ते सिद्ध करायला आज काही नाही. पाचशे वर्षांनी लिहिलेल्या एका सोयीच्या ओळीवर मी चांदीचे चलन उभे करणार नाही.

आतापर्यंत आपण नाण्याला लातूरच्या घराण्यात बसवण्याचा प्रयत्न करत होतो. आता नाणी जिथे मिळाली तिथले ताम्रपट वाचू. देवळाणे बागलाणात आहे. त्याला लागून कळवण तालुका आणि त्यात अभोणे. अभोण्याला कलचुरी राजा शंकरगणाचा ताम्रपट मिळाला. तो उज्जयिनीहून दिलेला आहे, वर्ष ३४७चा. कलचुरी संवताचा आरंभ इसवी सन २४८-४९च्या सुमाराचा, म्हणजे हा ताम्रपट सहाव्या शतकाच्या अखेरच्या दहा वर्षांतला. दान दिलेली जमीन भोगवर्धन विषयात आहे. भोगवर्धन म्हणजे जालना जिल्ह्यातले भोकरदन. उज्जैनीत बसून मराठवाड्यातली जमीन देणाऱ्या या शंकरगणाच्या वडिलांचे नाव त्यात दिले आहे: कृष्णराज. त्याच्याबद्दल म्हटले आहे की तो जन्मापासूनच पशुपतीच्या आश्रयाला राहिलेला होता.

पुढची पिढी म्हणजे बुद्धराज. त्याचा चांदवड तालुक्यातल्या वडनेरचा ताम्रपट वर्ष ३६०चा, विदिशेहून दिलेला. सरसवणीचा त्याच्या पुढच्याच वर्षाचा, आनंदपुराहून. वडनेरच्या ताम्रपटात राणी अनंतमहायी पाशुपत पंथाची असल्याचा उल्लेख येतो. आजोबा पशुपतीचा भक्त, नातसून पाशुपत. या घराण्यात शैवपण वरवरचे नव्हते. ‘परममाहेश्वर’ हे बिरुद शंकरगण आणि बुद्धराज दोघेही लावतात. उज्जयिनी, विदिशा, आनंदपूर, भोगवर्धन, कळवण, चांदवड ही ठिकाणे नकाशावर ठेवली आणि त्यांच्याशेजारी नाणी सापडलेली ठिकाणे मांडली, तर दोन्ही नकाशे बऱ्याच भागात एकमेकांवर बसतात. माळवा, उत्तर महाराष्ट्र, विदर्भ. लातूर-मळखेडच्या बाजूला मात्र हा साठा विरळ होत जातो.

म्हणजे आपल्याकडे सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात, याच मुलखात राज्य करणारा कृष्णराज नावाचा शैव राजा आहे. गंमत अशी की त्याचा स्वतःचा एकही ताम्रपट मिळालेला नाही. त्याच्याबद्दल जे काही समजते ते मुलाच्या आणि नातवाच्या तोंडून. म्हणूनच नाणे त्याचे ठरले तर त्याची किंमत फार मोठी होते; कृष्णराज स्वतः बोलतो अशी ती एकमेव जागा असेल.

पण ‘असेल’ हा शब्द अजून काढता येत नाही. नाव, धर्म, काळ आणि मुलूख जुळले तरी हे सगळे जुळणेच आहे. राष्ट्रकूट कृष्णाचेही नाव आणि धर्म जुळलेच होते. नाणे आणि काळ यांना एकत्र बांधणारी, कोणी घराण्याच्या गौरवासाठी लिहिलेली नसलेली साक्ष हवी होती.

ती अंजनेरीत मिळाली. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या मांडलिकाचे ताम्रपट मिळाले. त्याचे घराणे स्वतःला हरिश्चंद्र कुळातले म्हणवी आणि बदामीच्या चालुक्यांचे आधिपत्य मान्य करी. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पंचविसाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकावर कलचुरी वर्ष ४६१, म्हणजे इसवी सन ७०९-१० असा काळ आहे. दुसऱ्यात उजाड झालेले समगिरिपट्टण पुन्हा वसवल्याची हकिगत आहे. व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती आहेत आणि दंडांची यादी आहे. कुमारिकेवर बळजोरी केली तर १०८ रूपके, व्यभिचारालाही १०८, कान तोडला तर १६, डोके फोडले तर ४. आठव्या शतकातल्या एका पेठेचा दंडक आपल्यापर्यंत पोहोचला, हेच केवढे मोठे! पण नाण्याच्या शोधाला लागणारी ओळ आणखी साधी आहे. या ताम्रपटांत रकमा सांगताना ‘कृष्णराज-रूपक’ असा शब्द येतो.

ही साक्ष मिराशींनी हेरली आणि तिचे महत्त्व सांगितले. इथे कृष्णराजाचे गुणगान नाही, वंशावळ नाही, विजय नाही. कोणी किती रूपके द्यायची एवढेच लिहायचे आहे, आणि लिहिणाऱ्याला वाटले की ‘रूपक’ म्हटले की भागणार नाही, कोणते रूपक तेही सांगायला हवे. अशा नोंदीत कोणी खोटे का लिहील? ७०९-१० साली नाशिक-कोकणच्या बाजारात कृष्णराजाच्या नावाचे चांदीचे नाणे इतके ओळखीचे होते की दानपत्रातही त्याच्याच नावाने रक्कम सांगता येत होती.

आणि कैलासकर्ता पहिला कृष्ण गादीवर आला तो त्यानंतर सुमारे ४६ वर्षांनी. दुसरा आणि तिसरा कृष्ण तर आणखी कितीतरी पुढचे. ज्या राजाचा राज्याभिषेकही झालेला नाही त्याच्या नाण्यात दंड वसूल होऊ शकत नाही. लातूरच्या घराण्यातल्या ज्ञात कृष्णांचा प्रश्न इथे मिटतो. शैलीवरून, अक्षरांवरून, वजनावरून आपण जे हळूहळू म्हणत होतो, ते अंजनेरीच्या पत्र्याने एका शब्दात पक्के केले. मिराशींनी १९५५ साली कलचुरी-चेदी संवतातील कोरीव लेखांचा आपला मोठा संग्रह काढला. त्यातही त्यांनी ही नाणी कलचुरी कृष्णराजाचीच मानली आहेत.

अंजनेरीच्या नोंदीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बदामीच्या मंगलेशाने बुद्धराजाला हरवून त्याची संपत्ती लुटली, असे ६०२च्या सुमाराच्या महाकूट स्तंभलेखात आहे. म्हणजे भोगशक्तीच्या धन्यांनीच कलचुरींना धुळीला मिळवले होते. तरी शंभर वर्षांनी त्यांच्याच मांडलिकाच्या प्रदेशात लोक कलचुरींच्या चांदीत हिशेब करत होते. राज्य गेले म्हणून नाणे लगेच जात नाही. हे मराठवाड्याला वेगळे सांगावे लागत नाही: १९४८च्या पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षे नांदेड-लातूरच्या बाजारांत निजामाचा हाली सिक्का आणि कलदार असा दुहेरी हिशेब चालू राहिला होता. चांदी खरी असेल तर तिच्यावरचा राजा कोण, याची बाजाराला घाई नसते.

कृष्णराजाचे नाव पुढे लेण्यांच्या अभ्यासातही आले. घारापुरीला त्याच्या नावाची तांब्याची लहान नाणी मिळाली आणि वेरूळच्या लेण्यांपाशीही त्याचे नाणे मिळाले. त्यावरून घारापुरीचे मोठे लेणे आणि वेरूळची आरंभीची शैव लेणी कलचुरींच्या काळात, सहाव्या शतकात घालावीत, असे मत बळावले. वॉल्टर स्पिंक यांनी ते जोराने मांडले. मला हा तर्क आकर्षक वाटतो, तरी तो तर्कच आहे. अंगणात सापडलेले नाणे यात्रेकरूचेही असू शकते, मजुराच्या रोजाचेही. आणि अंजनेरीनेच शिकवले आहे की हे चलन राजाच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे खेळत होते. लेण्याजवळ मिळालेले कृष्णराजाचे नाणे ‘त्यानंतर केव्हातरी’ एवढेच नक्की सांगते.

तेव्हा निश्चित काय? कृष्णराजाच्या नावाचे रूपक ७०९-१० साली चालत होते. सहाव्या शतकात त्याच मुलखात कृष्णराज नावाचा शैव कलचुरी राजा होता. हे नाणे राष्ट्रकूट सम्राटांपैकी कोणाचेही नव्हे. अतिशय संभाव्य काय? ते कलचुरी कृष्णराजाचे आहे. या नावाचा दुसरा योग्य दावेदार मला दिसत नाही. अंदाज काय? त्याच्या कारकिर्दीची वर्षे. ग्रंथांत ५५० ते ५७५ अशी दिली जातात. पण ती शंकरगणाच्या ताम्रपटापासून मागे, पिढीला पंचवीस वर्षे धरून मोजलेली आहेत. नागपूरजवळच्या नगरधनचा स्वामिराजाचा ताम्रपट वर्ष ३२२चा, म्हणजे ५७३च्या सुमाराचा आहे. स्वामिराज कृष्णराजाचा मांडलिक असावा, असे मिराशींनी सुचवले. ते बरोबर असेल तर कृष्णराजाचे राज्य नागपूरपर्यंत आणि ५७३पर्यंत नेता येते. सूचना चांगली आहे, पण ताम्रपटात कृष्णराजाचे नाव नाही.

मला सर्वांत जास्त ओढणारा प्रश्न आणखी एक आहे. शंकरगण आणि बुद्धराज दोघेही मोठे राजे. मग त्यांच्या नावाचे चांदीचे चलन कृष्णराजाच्या चलनासारखे ठळक का नाही? त्यांनी आजोबा-वडिलांच्याच नावाने नाणी पाडत राहणे पसंत केले असेल का? बाजाराचा ज्या ठशावर विश्वास तोच ठसा पुढे चालवणे, हे टाकसाळीच्या इतिहासात नवे नाही. तसे असेल तर आपण ‘कृष्णराजाचे’ म्हणतो ती सगळी नाणी कृष्णराजाच्या हयातीतली नसतील. काही मुलाच्या काळची असतील, काही नातवाच्या, काही कदाचित राज्य गेल्यानंतरची. अक्षरे कुठे सैलावतात, मुखवट्याचे डोळे-नाक कुठे नुसत्या रेघा होतात, चांदीतले तांबे कुठे वाढते, याचा क्रम लावला तर याचे उत्तर मिळू शकते.

हा क्रम सुट्या नाण्यांवरून लागत नाही. त्याला अख्खे साठे लागतात: कोणत्या ठशाची किती, कोणती झिजलेली, कोणती कोरी, सोबत दुसऱ्या कोणत्या राजाची. म्हणून जमिनीवर धातुशोधक यंत्र फिरवून निघालेल्या आणि गुपचूप सराफाकडे किंवा संग्राहकाकडे गेलेल्या चांदीचे मला वाईट वाटते. नाणे वाचवता येते. त्याच्या शेजारचे काय होते ते परत मिळत नाही. देवळाणे, धामोरी, पट्टण ही गावांची नावे आपल्याकडे टिकली नसती, तर नाण्यांचा नकाशा उभाच राहिला नसता. आणि नकाशा नसता तर लट्टलूरच्या घराण्यातल्या एखाद्या आद्य कृष्णाकडे बोट दाखवणाऱ्याचे म्हणणे आजही खोडून काढता आले नसते.

१८७८च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवावा, असे ठरवले. कळवताना काय लिहायचे तेही त्यात आहे: निधी काय व किती, कोणत्या जागी मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला. शेत नांगरताना, वाडा पाडताना किंवा विहीर खणताना लातूर-नांदेडकडे उद्या नंदीचे असे एखादे चांदीचे नाणे निघाले, तर त्या तीन ओळी आधी लिहून काढाव्यात आणि नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये. कलचुरींचे रूपक बालाघाटाच्या दक्षिणेला, लट्टलूरच्या वेशीपर्यंत पोहोचले होते का, हे अशा एखाद्या नीट नोंदलेल्या साठ्यावरूनच कळेल.